लाल त्रिकोण काय विचारतो?



व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी निमंत्रण दिलं तेव्हा विषयही सुचवला होता: कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचा माणूस. मी त्यांना म्हटलं, उद्याच्या माणसावर बोलणारे पुष्कळ आहेत, मला आजच्या माणसावर बोलू द्या. आज रात्री साडेअकरा वाजता वीजबिल भरायला संगणकासमोर बसलेल्या माणसावर. मुदत बारापर्यंत आहे. त्याच्या पडद्यावर बिल येत नाही. एक रिकामं पान येतं, वर लाल त्रिकोण आणि खाली वाक्य: तुमचे कनेक्शन खाजगी नाही. त्याखाली हल्लेखोर, पासवर्ड, क्रेडिट कार्ड असले शब्द.

तो काय करतो? पान पुन्हा लोड करतो. पुन्हा तेच. मग खाली बारीक अक्षरात ‘प्रगत’ असं काहीतरी दिसतं, ते दाबतो. आणखी बारीक अक्षरात ‘पुढे जा, असुरक्षित’ असं दिसतं. तेही दाबतो. बिल भरलं जातं. तो झोपतो.

या सभागृहात असं कितीजणांनी केलं आहे, ते मी विचारत नाही. हात वर करायला लावलं तर शेजारचा काय म्हणेल, ही अडचण असते. पण आकडा सांगतो, आपला नाही, जगाचा. २०१३ साली दोन संशोधकांनी ब्राउझरमधल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांची नोंद तपासली. सुरक्षित जोडणीबद्दलचा असा इशारा आला, तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सुमारे ७० टक्के वेळा तो ओलांडला. आणि फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी? सुमारे ३३ टक्के. आता मला सांगा, क्रोमवाली माणसं बेफिकीर आणि फायरफॉक्सवाली शहाणी, असं असेल का? माणसं साधारण सारखीच असणार. क्रोममध्ये तेव्हा एका क्लिकवर सुटका होती, फायरफॉक्समध्ये तीन क्लिक करावे लागत. पुढे गूगलने ‘पुढे जा’चा दुवा ‘प्रगत’च्या आत दडवला, आणि मागे फिरणाऱ्यांचं प्रमाण बरंच वाढलं. म्हणजे बऱ्याचदा आपण इशारा वाचून ठरवत नाही. किती कंटाळा येतो, त्यावरून ठरवतो.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. हा लाल त्रिकोण तुम्हाला घाबरवत नाही, तुमची वाटही अडवत नाही. तो एक प्रश्न विचारतो: पलीकडे जो आहे, तो खरंच तोच आहे का? या प्रश्नाला ‘पुढे जा’ हे उत्तर होऊच शकत नाही. उत्तर द्यायचं तर बिघाड कुठे आहे ते शोधावं लागतं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना रेडिओ उघडून दुरुस्त करायचा नाद होता असं मला विश्वस्तांकडून कळलं, तेव्हा दुरुस्तीचा विषय इथे अगदीच परका वाटू नये.

आधी थोडं यंत्राच्या पोटात डोकावू. फार खोल नाही.

वेब सुरू झालं तेव्हा त्यावरचं सगळं बोलणं उघड होतं. वाटेतल्या कोणालाही वाचता येई, बदलताही येई. १९९५ साली नेटस्केप कंपनीने एसएसएल नावाची पद्धत बाजारात आणली. १९९९मध्ये तिची सुधारित आवृत्ती टीएलएस या नावाने आली, आणि आज वापरात असलेली सर्वांत नवी आवृत्ती २०१८ची आहे. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ला जे ‘एस’ लागतं ते याचंच. पण पहिली कित्येक वर्षं हे संरक्षण बँकेच्या पानापुरतं होतं. बाकी सगळं उघडंच. २०१० साली फायरशीप नावाची एक छोटी जोड फायरफॉक्ससाठी आली. कॅफेच्या उघड्या वायफायवर बसून शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक खातं त्यातून एका क्लिकवर ताब्यात घेता येई. करणाऱ्याला दाखवायचं एवढंच होतं की हे इतकं सोपं आहे. मोठ्या कंपन्या त्यानंतर भराभर जाग्या झाल्या.

या सुरक्षित जोडणीत तीन कामं होतात. बोलणं गुप्त राहतं. बोलणं वाटेत बदललं जात नाही. आणि तिसरं काम म्हणजे पलीकडच्याची ओळख पटते. लोकांना पहिलं काम ठाऊक असतं, तिसरं नसतं. पण तिसरं नसेल तर पहिल्याचा उपयोग काय? चोराशी अगदी गुप्तपणे बोललो, कोणालाही ऐकू गेलं नाही, यात आपण काय मिळवलं?

ओळख पटवायला प्रमाणपत्र लागतं. उत्पन्नाचा दाखला आठवा. बँकेतला कारकून तुम्हाला ओळखत नाही, तो तहसीलदाराची सही ओळखतो. दाखल्यावर नाव असतं, मुदत असते, सही-शिक्का असतो. साइटचं प्रमाणपत्र अगदी तसंच. ते कोणत्या पत्त्यासाठी, कधीपासून कधीपर्यंत, आणि सही कोणाची, हे सगळं त्यात असतं. ज्यांच्या सह्या मान्य करायच्या अशा संस्थांची यादी तुमच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून भरलेली असते. शंभराहून जास्त नावं असतात तिच्यात. ही यादी कोण ठरवतं? मुख्यतः अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि मोझिला. आपल्याला कोणी विचारलेलं नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

तेव्हा ब्राउझर क्षणार्धात तपासतो काय? नाव जुळतं का? आजची तारीख मुदतीत बसते का? सही माझ्या यादीतल्या कोणापर्यंत पोचते का? आणि हे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याकडे त्याची खाजगी किल्ली, म्हणजे फक्त खऱ्या मालकाकडे असणारा गुप्त आकडा, खरोखर आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की लाल त्रिकोण.

आता बिघाडाकडे वळू. समजूत अशी असते की इशारा आला म्हणजे साइटवाल्यांची काहीतरी गडबड आहे. २०१७ साली गूगलमधल्या संशोधकांनी क्रोमच्या ३० कोटींहून अधिक अशा चुकांची कारणं शोधली. निम्म्याहून जास्त चुका साइटच्या नव्हत्याच. वापरणाऱ्याच्या यंत्रातल्या किंवा मधल्या नेटवर्कमधल्या होत्या. म्हणजे दुसऱ्याला फोन करण्याआधी स्वतःच्या टेबलाकडे बघायला पाहिजे.

बघायचं कसं? तीन प्रश्न. एकाच साइटवर होतंय की सगळ्या? माझ्याच यंत्रावर होतंय की घरातल्या दुसऱ्या फोनवरही? याच नेटवर्कवर होतंय की मोबाइल डेटावर गेल्यावरही? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळ्या साइट रडत असतील तर दोष तुमच्याकडे आहे. एकच साइट सगळीकडे रडत असेल तर दोष साइटचा आहे. वायफाय सोडून डेटावर गेल्यावर सगळं सुरळीत झालं तर दोष त्या वायफायमध्ये आहे. ब्राउझर बंद करून चालू करणं, कॅशे साफ करणं, कुकीज पुसणं हे जे सगळीकडे सांगितलं जातं, ते या तीन प्रश्नांनंतर. बहुतेक वेळा त्याने काही होतही नाही. सांगणाऱ्याला काहीतरी सांगितल्याचं समाधान मिळतं.

सगळ्या साइट एकदम रडायला लागल्या, तर पहिला संशयित कोण? व्हायरस? हॅकर? नाही हो. घड्याळ!

जून महिना डोळ्यांसमोर आणा. शाळेची संगणक प्रयोगशाळा. उन्हाळ्याच्या सुटीत मेन स्विच बंद होता. शाळा उघडते, शिक्षक संगणक चालू करतात, आणि दहापैकी चार संगणकांवर एकही सुरक्षित साइट उघडत नाही. नेट तर चालू आहे! कंपनीवाल्याला फोन जातो, राउटर बदलला जातो, मुलांनी काहीतरी केलं असा आरोप होतो. खरं कारण मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बटन सेलमध्ये असतं. सीआर २०३२ असं त्यावर लिहिलेलं असतं. संगणकाची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचं काम त्याचं. तो संपला की संगणक वेळ विसरतो आणि कारखान्यात भरलेल्या कुठल्यातरी जुन्या तारखेला जागा होतो. समजा तो २०१५मध्ये जागा झाला. समोर २०२५चं प्रमाणपत्र आलं. त्याच्या हिशेबाने हे प्रमाणपत्र अजून जन्मायचं आहे. तो नाकारतो. आणि त्याच्या बाजूने बघाल तर तो बरोबरच आहे!

उपाय किरकोळ आहे: तारीख, वर्ष, वेळ नीट लावा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं तर सेल बदला. वर्ष बघा बरं का. माणसं तास-मिनिटं बघतात, तारीख बघतात, वर्षाकडे बघतच नाहीत. क्रोम आता इतपत शहाणा झाला आहे की घड्याळ मागे किंवा पुढे असल्याचा संशय आला तर तसं स्पष्ट सांगतो. फोनमध्ये सेलचा प्रश्न येत नाही, पण तिथे नातवंडं असतात. काही खेळांमध्ये संपलेले जीव परत मिळायला काही तास थांबावं लागतं, आणि तारीख पुढे केली की ते लगेच मिळतात, हा शोध शाळकरी मुलांनी कधीच लावला आहे. मग आजोबांची बँक उघडत नाही. (हशा)

घड्याळाखालोखाल येतं मधलं नेटवर्क. हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन. मोफत वायफायला जोडलं की त्यांना आधी आपलं पान दाखवायचं असतं: मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका. त्यासाठी ते तुमची पहिली मागणी मध्येच अडवतात आणि स्वतःचं पान पुढे करतात. तुम्ही मागितलं मेलचं पान, उत्तर दिलं हॉटेलच्या राउटरने. ब्राउझर ओरडणार नाही तर काय करेल? त्याने ‘तूच तो का?’ विचारलं, आणि समोरचा तो नव्हताच. इथे चोरी नाही, पण तोतयेगिरी आहे, आणि ब्राउझरला दोन्हींतला फरक कळण्याचं कारण नाही. आताचे फोन बहुधा ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना देतात. ती दिसली नाही, तर मुद्दाम एखादी ‘एस’ नसलेली साधी साइट उघडायची. याच कामासाठी कोणीतरी नेव्हरएसएसएल डॉट कॉम नावाचं पान चालवतं. त्यावर हॉटेलचं पान बिनबोभाट उघडतं, नंबर टाकता येतो, आणि मग बाकी सगळं चालू होतं. बँकेच्या पानावर मात्र अशा ठिकाणी ‘पुढे जा’ दाबायचं नाही. नाही म्हणजे नाही.

तिसरा संशयित घरातलाच आहे, आणि आपण त्याला पैसे देऊन आणलेला असतो. अँटिव्हायरस! सुरक्षित जोडणीतलं बोलणं कोणालाच वाचता येत नाही, मग अँटिव्हायरसला तरी कसं येणार? म्हणून काही अँटिव्हायरस मध्ये बसतात. साइटशी ते बोलतात, तुमच्या ब्राउझरशीही तेच बोलतात, आणि दर साइटसाठी स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र जागेवर बनवून देतात. ही सही मान्य व्हावी म्हणून यंत्राच्या यादीत त्यांनी स्वतःचं नाव घुसवलेलं असतं. हे सुरळीत चालतं तोवर आपल्याला पत्ताच नसतो. मग एखादं अपडेट अर्धवट होतं आणि सगळ्या साइटवर एकच तक्रार येते: सही करणारा अनोळखी आहे. बऱ्याच कार्यालयांमध्ये कर्मचाऱ्यांचं नेट तपासणारी यंत्रणा हेच करते. म्हणून कार्यालयाच्या संगणकावर चालणारी साइट तुम्ही स्वतःचा फोन कार्यालयाच्या वायफायला जोडला की चालत नाही.

शोधायचं कसं? इशाऱ्याच्या पानावरून किंवा पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून प्रमाणपत्र उघडता येतं. त्यात ‘कोणी दिलं’ ही ओळ असते. बँकेच्या प्रमाणपत्रावर तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं, की चोर सापडला. सेटिंगमधली सुरक्षित जोडण्या तपासण्याची सोय बंद करा, किंवा तो काढून नव्याने टाका. ही एक ओळ वाचण्याची सवय लावली, तरी आजच्या व्याख्यानाचं निम्मं काम झालं असं मी समजेन.

मध्ये बसण्याचा हा प्रकार किती अंगाशी येतो, ते २०१५च्या फेब्रुवारीत दिसलं. लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाची जाहिराती दाखवणारी प्रणाली आधीपासून भरलेली होती. तिने यंत्राच्या यादीत स्वतःचं नाव घातलं होतं, आणि त्या सगळ्या लॅपटॉपवर खाजगी किल्ली एकच होती. एकाने ती काढली की कोणालाही त्या सगळ्या लॅपटॉपवाल्यांपुढे बँक म्हणून उभं राहता येत होतं. आणि लाल त्रिकोण? एकदाही दिसला नसता. लक्षात घ्या, इशारा न येणं हीसुद्धा खात्री नव्हे.

जुन्या फोनचं दुखणं निराळं. आपल्याकडे फोन टाकून देत नाहीत. मुलाचा फोन वडिलांकडे जातो, वडिलांचा गावी काकांकडे. त्याबरोबर आतली जुनी यादीही जाते. लेट्स एनक्रिप्ट ही संस्था २०१५च्या डिसेंबरपासून सर्वांना मोफत प्रमाणपत्रं देते. ती नवी असताना तिची सही जुन्या यंत्रांच्या यादीत नव्हती, म्हणून तिने एका जुन्या संस्थेच्या सहीचा आधार घेतला होता. त्या जुन्या सहीची मुदत ३० सप्टेंबर २०२१ला संपली. त्या दिवशी जगभर जुने आयफोन, जुने मॅक, अपडेट न केलेली यंत्रं लाखो साइटवर अडखळली. साइटवाल्यांनी काही केलं नव्हतं, वापरणाऱ्यांनीही नाही. नुसतं कॅलेंडरचं पान उलटलं होतं. अँड्रॉइडच्या ७.१.१च्या आधीच्या फोनसाठी संस्थेने खास व्यवस्था करून आणखी काही वर्षं निभावून नेलं. २०२४मध्ये तीही संपली. स्वतःची यादी बरोबर बाळगणारा फायरफॉक्स टाकणं हा त्या फोनांवर काही काळ चाललेला उपाय होता. पण खरं सांगायचं तर जो फोन अपडेट होत नाही, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. काकांना वाईट वाटलं तरी चालेल.

साइटच्या बाजूच्या दोषांवर मी फार वेळ घालवत नाही, कारण तिथे वापरणाऱ्याच्या हातात काही नसतं. मुदत संपलेली असते. नाव जुळत नसतं. प्रमाणपत्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेल्या पत्त्याचं आणि तुम्ही ते न लावता गेलात, असंही होतं. किंवा साइटचं प्रमाणपत्र आणि यादीतली सही यांना जोडणारी मधली कडी पाठवायची राहिलेली असते. हा शेवटचा दोष फार छळतो. साइट चालवणाऱ्याच्या संगणकाने ती कडी आधी कुठूनतरी साठवलेली असते, त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं तो शपथेवर सांगतो, आणि तुमच्या फोनवर ती उघडत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

मुदत विसरणं हा लहानांचाच गुन्हा आहे असं मानू नका. ६ डिसेंबर २०१८ला ब्रिटनमध्ये ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडलं. कारण काय, तर एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. ३ फेब्रुवारी २०२०ला मायक्रोसॉफ्टचं टीम्स काही तास बंद पडलं, कारण तेच. इथे पतसंस्थांचे, ग्रंथालयांचे, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी बसले आहेत, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. प्रमाणपत्राची कमाल मुदत २०२०पासून ३९८ दिवस होती. आता ती टप्प्याटप्प्याने उतरते आहे: मार्च २०२६पासून २०० दिवस, मार्च २०२७पासून १००, आणि मार्च २०२९पासून अवघे ४७. म्हणजे दर वर्षी सचिवाने आठवणीने नूतनीकरण करायचं, ही पद्धत संपली. आपोआप नूतनीकरणाची सोय करून घ्या, ती मोफत मिळते. ज्याने साइट बनवून दिली त्याच्याकडून ती लेखी मागून घ्या.

आता अवघड प्रश्न. इतका वेळ मी सांगतोय की घड्याळ, हॉटेल, अँटिव्हायरस, विसराळू सचिव. चोर कुठे आहे? बहुतेक इशाऱ्यांमागे चोर नसेलच, तर त्या ७० टक्क्यांचं काय चुकलं? हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो. बहुतेक वेळा त्यांचं काहीच बिघडलं नाही, हे खरं आहे. पण चोर येतो तेव्हा काय होतं, तेही बघा.

२०११चा उन्हाळा. नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची एक प्रमाणपत्रं देणारी कंपनी होती. जगातल्या सगळ्या ब्राउझरच्या यादीत तिचं नाव होतं, डच सरकारच्या साइटसुद्धा तिच्याच सहीवर चालत. कोणीतरी तिच्या यंत्रणेत घुसलं आणि पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रं काढून घेतली. त्यातलं एक गूगलच्या सगळ्या पत्त्यांसाठी होतं. ते इराणमध्ये वापरलं गेलं. सुमारे तीन लाख आयपी पत्ते त्या सापळ्यातून गेल्याचं पुढे चौकशीत आढळलं, आणि जवळपास सगळे इराणमधले. म्हणजे मेल उघडणारा माणूस मधल्या कोणालातरी आपला पासवर्ड देत होता. सही खरी होती, म्हणून बहुतेक ब्राउझर गप्प बसले. बोलला फक्त क्रोम. कारण गूगलने आपल्या साइटवर कोणाची सही चालेल, हे क्रोममध्ये वेगळं लिहून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका माणसाला जीमेल उघडताना क्रोमने इशारा दिला. त्याने ‘पुढे जा’चा शोध घेतला नाही. इशाऱ्याचं चित्र आणि प्रमाणपत्राचा मजकूर घेऊन त्याने गूगललाच जाहीरपणे विचारलं: हे काय आहे? एवढंच केलं त्याने. त्यानंतर थोड्याच दिवसांत सगळ्या ब्राउझरांनी डिजिनोटारचं नाव यादीतून काढलं, डच सरकारने कंपनीचा कारभार ताब्यात घेतला, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. एका माणसाने प्रश्नाला प्रश्न म्हणून घेतलं, आणि लाखोंवरची पाळत उघडी पडली.

हे परदेशातच घडतं असं नाही. जुलै २०१४मध्ये आपल्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनआयसीकडून, गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं गूगलला आढळलं. प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या आपल्या देशाच्या प्रमाणन नियंत्रकांची सही मायक्रोसॉफ्टच्या यादीत होती, त्यामुळे विंडोजवर ती प्रमाणपत्रं खरी ठरू शकत होती. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ती सही नव्हती, म्हणून तिथे ती प्रमाणपत्रं चालली नसती. नियंत्रकांनी एनआयसीचे अधिकार ३ जुलैला रद्द केले, आणि पुढे क्रोमने भारताची ती सही ठरावीक पत्त्यांपुरतीच मर्यादित केली. आणि २०१९च्या जुलैत कझाकस्तानात तर लपवाछपवीही नव्हती. सरकारचं प्रमाणपत्र फोनच्या यादीत घाला, असं मोबाइल कंपन्यांकरवी नागरिकांना उघड सांगितलं गेलं. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि अ‍ॅपल यांनी ते प्रमाणपत्र आपापल्या ब्राउझरमध्ये अडवलं. नागरिकांचं रक्षण कोणी केलं? तीन अमेरिकी ब्राउझरवाल्यांनी. याचं बरं वाटावं की काळजी वाटावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. यादी ठरवणारे चारच, हे मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

मग ‘पुढे जा’ कधीच दाबायचं नाही का? दाबायचं, पण पलीकडे कोण आहे हे तुम्हाला दुसऱ्या मार्गाने पक्कं ठाऊक असेल तेव्हाच. घरच्या राउटरचं सेटिंगचं पान उघडता, पत्ता १९२.१६८ने सुरू होतो, राउटर तुमच्या टेबलावर आहे, तिथे इशारा येतो कारण राउटरने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलेलं असतं. तिथे पुढे जायला हरकत नाही. डिजिटल सही करणारं सॉफ्टवेअर आपल्याच संगणकाच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतं, तेव्हाही तसंच. सभागृहातले कर सल्लागार मान डोलावताहेत. पण या अपवादाचा नियम करणारे लोक आहेत, आणि माझा राग त्यांच्यावर आहे. एका कार्यालयाच्या अर्ज भरण्याच्या माहितीपत्रकात मी स्वतः वाचलं आहे: लाल पान आल्यास घाबरू नये, प्रगत दाबावे, पुढे जा दाबावे. सोबत बाण काढलेली चित्रं! स्वतःचं प्रमाणपत्र वेळेवर बदलण्याऐवजी हजारो अर्जदारांना इशारा ओलांडायचं प्रशिक्षण. उद्या त्याच अर्जदारापुढे खराखुरा तोतया उभा राहील, तेव्हा त्याचं बोट आपोआप त्याच जागी जाईल. सुदैवाने आता अनेक साइट ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात की माझ्याशी सुरक्षित जोडणीशिवाय बोलू नकोस. अशा साइटवर चूक आली तर ‘पुढे जा’ दिसतच नाही. लोक त्यावर चिडतात. मला ती फार चांगली सोय वाटते.

एक खुलासा करायला हवा, कारण प्रश्नोत्तरांत तो नक्की येईल. इशारा नाही, जोडणी सुरक्षित आहे, म्हणजे साइट प्रामाणिक आहे का? अजिबात नाही. फसवणुकीसाठी बनवलेल्या साइटकडेही अगदी नियमानुसार मिळालेलं प्रमाणपत्र असतं. ते फक्त एवढंच सांगतं की पत्त्यात जे नाव लिहिलंय, त्याच नावाशी तुम्ही बोलताय. नाव बँकेचं आहे की बँकेसारखं दिसणारं, ते तुम्ही वाचायचं. कुलपाच्या चित्रामुळे हाच गैरसमज पसरतो म्हणून क्रोमने २०२३मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, तेव्हा मी थांबतो. काहीजणांना घरचीच अडचण विचारायची असेल, जरूर विचारा. फक्त ‘साइट उघडत नाही’ एवढं सांगू नका, त्यावरून मलाच काय, कोणालाही काही कळणार नाही. त्या लाल पानाच्या तळाशी इंग्रजी मोठ्या अक्षरांची एक ओळ असते. तिच्यात ‘डेट’ असेल तर आधी घड्याळ आणि मग साइटची मुदत, ‘ऑथॉरिटी’ असेल तर सही, ‘नेम’ असेल तर पत्ता. ती ओळ, त्या वेळी कोणतं वायफाय होतं, आणि प्रमाणपत्र कोणी दिलं होतं, या तीन गोष्टी सांगा. ज्यांनी फोटो काढून आणला असेल त्यांनी पुढच्या रांगेत यावं.